आरोप सिद्ध झाला नाही, तरी राष्ट्राध्यक्ष गेले : इंडोनेशियाचे अब्दुर्रहमान वाहिद आणि २००१ ची पदच्युती

एखाद्या देशाच्या राष्ट्राध्यक्षावर घोटाळ्याचा आरोप झाला की दोन दिवसांत बातम्यांमध्ये 'महाभियोग' हा शब्द फिरू लागतो. घरात, दुकानात, नमाजनंतरच्या गप्पांत एकच प्रश्न असतो : आता याला काढणार का? आणि काढणार तर कोण, कोर्ट की संसद? याचे उत्तर प्रत्येक देशात वेगळे आहे. त्यामुळे या लेखात आम्ही दहा देशांची यादी देण्याऐवजी एकच प्रकरण सविस्तर मांडत आहोत. ते आहे इंडोनेशियाचे चौथे राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांचे.

हे प्रकरण निवडण्याचे कारण सरळ आहे. इंडोनेशिया हा जगातील सर्वात मोठी मुस्लिम लोकसंख्या असलेला देश. तिथे एका आलिम घराण्यातला माणूस राष्ट्राध्यक्ष झाला आणि २१ महिन्यांत पायउतार झाला. आपल्याकडे याविषयी दोनच गोष्टी ऐकू येतात. कुणी म्हणतं, भ्रष्टाचार केला म्हणून काढलं. कुणी म्हणतं, सगळी साजिशच होती. कागदपत्रे आणि घटनाक्रम पाहिला तर दोन्ही गोष्टी अर्ध्याच आहेत.

थोडक्यात

• राष्ट्राध्यक्ष : अब्दुर्रहमान वाहिद, लोकांमधील नाव 'गुस दूर'
• कार्यकाळ : २० ऑक्टोबर १९९९ ते २३ जुलै २००१
• आरोप : सरकारी अन्नधान्य संस्थेतून काढलेले ३५ अब्ज रुपिया आणि ब्रुनेईच्या सुलतानांनी दिलेले २० लाख डॉलर, या दोन रकमांचा व्यवहार
• हटवले कोणी : देशाच्या सर्वोच्च लोकप्रतिनिधी सभेने, म्हणजे मजलिसने
• न्यायालयात दोषी ठरले का : नाही. त्यांच्यावर खटलाच चालला नाही
• त्यांच्या जागी : उपराष्ट्राध्यक्ष मेगावती सुकर्णोपुत्री
• परिणाम : राष्ट्राध्यक्षाला हटवण्याचा नियम राज्यघटनेत नव्याने लिहिला गेला

गुस दूर कोण होते?

अब्दुर्रहमान वाहिद यांचा जन्म १९४० साली पूर्व जावातील जोंबांग इथे झाला. आजोबा हाशिम अशअरी हे १९२६ मध्ये स्थापन झालेल्या 'नहदतुल उलमा' या संघटनेच्या संस्थापकांपैकी. गावोगावचे मदरसे, त्यांचे आलिम आणि शेतकरी कुटुंबे हा या संघटनेचा पाया. तिला मानणाऱ्यांची संख्या कोट्यवधी आहे. वडील वाहिद हाशिम हे स्वतंत्र इंडोनेशियाचे धार्मिक व्यवहार मंत्री होते. जावामध्ये आलिमच्या मुलाला आदराने 'गुस' म्हणतात आणि 'दूर' हे अब्दुर्रहमान या नावाचे घरगुती रूप. म्हणून गुस दूर.

त्यांचे शिक्षण आधी मदरशांत, मग कैरोच्या अल-अझहरमध्ये आणि पुढे बगदादच्या विद्यापीठात झाले. १९८४ पासून १९९९ पर्यंत ते नहदतुल उलमाचे अध्यक्ष होते. मोकळेपणाने बोलणारे, विनोद करणारे, अल्पसंख्याकांच्या बाजूने उभे राहणारे अशी त्यांची ओळख होती. १९९८ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा दृष्टी जवळजवळ गेलेली होती. कागद दुसऱ्याने वाचून दाखवावे लागत. कुणावर विश्वास टाकायचा हा प्रश्न त्यामुळे त्यांच्यासाठी रोजचाच झाला.

मजलिस, दिवाण आणि रयत

पुढचे समजण्यासाठी दोन संस्थांची ओळख हवी. त्यांची नावे ऐकली तर मराठी माणसाला परकी वाटणार नाहीत. वरच्या सभेच्या नावात 'मजलिस', 'मशवरा' आणि 'रयत' हे तिन्ही शब्द इंडोनेशियन उच्चारात बसलेले आहेत. म्हणजे रयतेच्या वतीने मसलत करणारी मजलिस. संसदेच्या नावात 'दिवाण', 'वकील' आणि 'रयत' आहेत. म्हणजे रयतेच्या वकिलांचे दिवाण. सोयीसाठी आपण यांना मजलिस आणि संसद म्हणू.

त्या वेळी संसदेत ५०० सदस्य होते. त्यातले ४६२ निवडून आलेले आणि ३८ लष्कर-पोलिसांसाठी राखीव. मजलिसमध्ये हे ५०० आणि त्याशिवाय प्रांतांचे व विविध गटांचे २०० प्रतिनिधी असे मिळून ७०० सदस्य ठरलेले होते. जुन्या घटनेनुसार राष्ट्राध्यक्षाला जनता थेट निवडत नसे. मजलिस निवडत असे, आणि तो मजलिसलाच उत्तरदायी असे. ज्याने नेमले तोच काढू शकतो, हे त्यामागचे तत्त्व.

५१ खासदार असलेल्या पक्षाचा राष्ट्राध्यक्ष

२१ मे १९९८ रोजी सुहार्तो यांची तीस वर्षांहून जास्त चाललेली सत्ता संपली. उपराष्ट्राध्यक्ष हबीबी त्यांच्या जागी आले. ७ जून १९९९ रोजी मोकळ्या वातावरणात निवडणूक झाली आणि ४८ पक्ष मैदानात उतरले. माजी राष्ट्राध्यक्ष सुकर्णो यांच्या कन्या मेगावती यांचा पक्ष सुमारे ३४ टक्के मते आणि १५३ जागा घेऊन पहिला आला. सुहार्तो यांच्या काळचा सत्ताधारी गोलकार पक्ष १२० जागांसह दुसरा. गुस दूर यांच्या पक्षाला मिळाल्या ५१ जागा.

मग ते राष्ट्राध्यक्ष कसे झाले? मुहम्मदिया या दुसऱ्या मोठ्या मुस्लिम संघटनेचे माजी अध्यक्ष अमीन राईस यांनी मुस्लिम पक्षांची 'मधली फळी' बांधली. या फळीतल्या काही पक्षांचे म्हणणे होते की स्त्रीने देशाचे प्रमुखपद घेऊ नये. दुसरीकडे गोलकारला मेगावती नको होत्या. मजलिसने हबीबी यांचा कामकाजाचा अहवाल ३५५ विरुद्ध ३२२ मतांनी फेटाळला आणि ते शर्यतीतून बाहेर पडले. २० ऑक्टोबर १९९९ रोजी मतदान झाले. गुस दूर ३७३, मेगावती ३१३. मेगावतींचे समर्थक रस्त्यावर उतरले, सोलो आणि बालीमध्ये जाळपोळ झाली. दुसऱ्या दिवशी मेगावतींना उपराष्ट्राध्यक्ष निवडून तडजोड करण्यात आली.

यातली एक गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली. गुस दूर यांना निवडणारी बहुतेक मते त्यांची स्वतःची नव्हती. ती उसनी होती. आणि उसनी मते परत मागितली जातात.

मित्र दुरावले

सुरुवातीला मंत्रिमंडळात सगळ्या मोठ्या पक्षांना जागा मिळाली. गुस दूर यांनी काही मोठी कामेही केली. प्रसारमाध्यमांवर पहारा ठेवणारे माहिती मंत्रालय बंद केले. चिनी वंशाच्या नागरिकांवर १९६७ पासून असलेले सण-उत्सवांचे निर्बंध २००० मध्ये उठवले. लष्करप्रमुख राहिलेले प्रभावशाली मंत्री जनरल विरांतो यांना पदावरून दूर केले. आचेह प्रांतातल्या बंडखोरांशी बोलणी सुरू केली.

पण सरकार चालवताना त्यांनी एकामागून एक मित्र गमावले. एप्रिल २००० मध्ये त्यांनी दोन मंत्री काढले, एक मेगावतींच्या पक्षाचा आणि एक गोलकारचा. त्यांच्यावर भ्रष्टाचाराचा ठपका ठेवला, पण पुरावा मांडला नाही. संसदेने जाब विचारला तेव्हा संसदेचा असा हक्कच मान्य नसल्यासारखी भाषा केली. त्याआधी संसदेला त्यांनी बालवाडीची उपमा दिली होती. ती खासदार विसरले नव्हते. इस्रायलशी व्यापार सुरू करण्याचा विचार आणि कम्युनिस्ट पक्षावरील बंदी उठवण्याचा प्रस्ताव यांमुळे मुस्लिम पक्षही नाराज झाले. ऑगस्ट २००० पर्यंत परिस्थिती अशी आली, की मजलिससमोर त्यांना रोजचे कामकाज मेगावतींकडे सोपवण्याचे कबूल करावे लागले.

सरळ सांगायचं तर घोटाळा बाहेर येण्याच्या सुमारासच हटवण्यासाठी लागणारी मते तयार होऊ लागली होती. कारण तेवढे हवे होते.

दोन घोटाळे, दोन रकमा

पहिला घोटाळा 'बुलोग' या संस्थेचा. तांदूळ आणि इतर धान्याची खरेदी-साठवण करणारी ही सरकारी संस्था. आपल्या भारतीय अन्न महामंडळासारखी समजा. सुहार्तोंच्या काळापासून राजकारण्यांची अघोषित तिजोरी अशी तिची बदनामी होती. २००० च्या सुरुवातीला गुस दूर यांनी आचेहमधील कामासाठी बुलोगचा पैसा वापरता येईल का, अशी विचारणा केली होती. त्यानंतर त्यांना मालिश करणाऱ्या, राजवाड्यात ये-जा असलेल्या एका माणसाने राष्ट्राध्यक्षांच्या नावावर बुलोगच्या कर्मचारी निधीतून ३५ अब्ज रुपिया, म्हणजे सुमारे ४० लाख डॉलर, उचलले. गुस दूर यांचे म्हणणे होते, की आपण असे पैसे आणायला कुणालाही सांगितले नाही. आपले नाव वापरले गेले.

दुसरा घोटाळा ब्रुनेईच्या पैशांचा. ब्रुनेईचे सुलतान हसनल बोल्किया यांनी आचेहमधील पीडितांसाठी २० लाख डॉलर दिले होते. ते सरकारी खजिन्यात नोंदले गेले नाहीत. गुस दूर म्हणाले, ही सुलतानांची वैयक्तिक मदत होती, सरकारी पैसा नव्हता. पण या रकमेविषयी त्यांनी वेगवेगळ्या वेळी दिलेली माहिती एकमेकांशी जुळत नव्हती.

इथे थोडं थांबायला हवं. राजवाड्याच्या दारातून आत-बाहेर करणारा माणूस राष्ट्राध्यक्षांच्या शब्दावर एवढी रक्कम उचलू शकतो आणि पीडितांसाठी आलेली देणगी बिननोंदीची राहते, ही गोष्ट साधी नाही. आपल्या मोहल्ल्यातल्या ट्रस्टमध्येही जकातीचा पैसा पावतीशिवाय घेतला तर लोक विचारणारच. सार्वजनिक पैसा अमानत असतो, आणि अमानतीचा हिशेब मागणे म्हणजे दुश्मनी नव्हे. पण हिशेबात ढिलाई असणे एक आणि चोरी सिद्ध होणे दुसरे. संसदेच्या चौकशी समितीने याच फटीत पाय ठेवला.

हटवण्याच्या तीन पायऱ्या

संसदेने २००० च्या उत्तरार्धात ५० सदस्यांची विशेष समिती नेमली. समितीचा निष्कर्ष जपून लिहिलेला होता : बुलोगची रक्कम बाहेर काढण्यात राष्ट्राध्यक्षांची भूमिका असावी असा संशय घेण्यास जागा आहे, आणि ब्रुनेईच्या मदतीविषयी त्यांनी विसंगत माहिती दिली आहे. 'पैसे घेतले' असे समितीने म्हटले नाही.

जुन्या घटनेत राष्ट्राध्यक्षाला हटवण्याचे तपशीलवार कलम नव्हतेच. मजलिसच्या १९७८ च्या एका ठरावात पद्धत दिली होती. आधी संसदेने पहिले निवेदन द्यायचे आणि तीन महिने वाट पाहायची. समाधान झाले नाही तर दुसरे निवेदन देऊन एक महिना वाट पाहायची. तरीही समाधान झाले नाही तर मजलिसचे विशेष अधिवेशन मागायचे. आरोप सिद्ध झाला पाहिजे, कोर्टाने तपासला पाहिजे, अशी अट कुठेही नव्हती. सगळे काही संसदेच्या 'समाधानावर' होते.

घटनाक्रम असा :

१ फेब्रुवारी २००१ : समितीचा अहवाल ३९३ विरुद्ध ४ मतांनी स्वीकारून पहिले निवेदन. पदाच्या शपथेचा आणि स्वच्छ कारभाराविषयीच्या मजलिसच्या ठरावाचा भंग केल्याचा ठपका. गुस दूर यांच्या पक्षाचा सभात्याग.

३० एप्रिल २००१ : दुसरे निवेदन. बाजूने ३६३, विरोधात ५२, तटस्थ ४२.

२८ मे २००१ : महान्यायवादी मार्झुकी दारुसमान यांनी जाहीर केले, की दोन्ही प्रकरणांत राष्ट्राध्यक्षांच्या सहभागाचा पुरावा मिळाला नाही.

३० मे २००१ : म्हणजे दोनच दिवसांनी, संसदेने विशेष अधिवेशनाची मागणी मंजूर केली. बाजूने ३६५, विरोधात ४, तटस्थ ३९.

शेवटच्या दोन तारखा शेजारी ठेवून पाहा. संसदेची बाजू अशी, की महान्यायवादी हा राष्ट्राध्यक्षानेच नेमलेला असतो, त्याच्या दाखल्यावर विश्वास कसा ठेवायचा? शिवाय तोवर तक्रार फक्त पैशांची राहिली नव्हती. कारभार कोलमडला आहे असे खासदारांचे म्हणणे होते. या मुद्द्यात तथ्य आहे. पण मग पैशांचा आरोप नक्की कशासाठी होता, हा प्रश्न उरतोच. ज्या गोष्टीसाठी चौकशी सुरू झाली, ती गोष्ट निकालाच्या वेळी बाजूला पडली होती.

उलमा, जमाव आणि 'बुगात'चा प्रश्न

पूर्व जावा हा नहदतुल उलमाचा बालेकिल्ला. तिथे हजारो लोक रस्त्यावर आले. सुराबायामध्ये गोलकारचे कार्यालय जाळण्यात आले. अमीन राईस यांच्यावरच्या रागापोटी मुहम्मदियाशी संबंधित जागांवरही हल्ले झाले. म्हणजे भांडण नेत्यांचे आणि दगड पडले ते दुसऱ्या मुस्लिम जमातीच्या संस्थांवर. राष्ट्राध्यक्षांसाठी जान देऊ म्हणणाऱ्या तरुणांच्या तुकड्या तयार झाल्या.

याच काळात काही उलमांमध्ये चर्चा रंगली, की निवडलेल्या राष्ट्राध्यक्षाला पाडू पाहणारे लोक शरीयतच्या भाषेत 'बुगात', म्हणजे कायदेशीर शासकाविरुद्ध बंड करणारे, ठरतात का? ठरले तर त्यांच्याशी लढणे योग्य होईल का? ही चर्चा पुस्तकातली नव्हती. हातात काठ्या घेतलेले लोक उत्तराची वाट पाहत होते. विरोधकांचा जवाब होता, की मजलिस घटनेने दिलेला अधिकार वापरत आहे, त्यात बंड कुठले?

२९ एप्रिल २००१ रोजी, दुसऱ्या निवेदनाच्या आदल्या दिवशी, नहदतुल उलमाने जकार्तात विशाल सामूहिक दुआ आयोजित केली. देशभरातून लोक आले. दंग्याची भीती होती, पण लोक दुआ करून परत गेले. पुढच्या काळातही गुस दूर यांनी समर्थकांना राजधानीवर चाल करून या, असे सांगितले नाही. त्यांच्यावर कितीही टीका झाली तरी ही एक गोष्ट त्यांच्या खात्यावर लिहावीच लागते.

२३ जुलै २००१

जूनपासून दोन्ही बाजूंची घाई सुरू झाली. गुस दूर यांनी सुरक्षामंत्री सुसिलो बांबांग युधोयोनो यांना काढले. पोलीसप्रमुखांना निलंबित केले, तर ते खुर्ची सोडेनात. २० जुलैला त्यांच्या जागी दुसरा अधिकारी नेमला. संसदेची संमती न घेता ही नेमणूक झाली म्हणून मजलिसने १ ऑगस्टला ठरलेले विशेष अधिवेशन अलीकडे ओढून २१ जुलैलाच सुरू केले. २३ जुलैला राष्ट्राध्यक्षांनी येऊन जबाब द्यावा असे ठरले. हे अधिवेशनच बेकायदा आहे असे म्हणत ते गेले नाहीत.

२३ जुलैच्या पहाटे एकच्या सुमारास राजवाड्यातून फर्मान निघाले : मजलिस आणि संसद गोठवण्यात येत आहे, एका वर्षात निवडणूक घेतली जाईल, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय येईपर्यंत गोलकार पक्ष गोठवला जाईल. लष्कर आणि पोलिसांनी हे फर्मान मानायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रमुखांनी ते घटनाविरोधी असल्याचे मत दिले. चिलखती गाड्या रस्त्यावर होत्या, पण मजलिसचा दरवाजा बंद करायला कुणी गेले नाही.

इथे गुस दूर यांची बाजू सगळ्यात कमकुवत पडते. हटवण्याची पद्धत अन्यायकारक आहे हे त्यांचे म्हणणे खरे मानले, तरी निवडून आलेली संसद एका सहीने बंद करण्याचा अधिकार त्यांना कुठल्याही कलमाने दिला नव्हता. आयुष्यभर लोकशाहीची बाजू घेतलेल्या माणसाने शेवटच्या रात्री तेच हत्यार उचलले. त्याच दिवशी मजलिसने फर्मान रद्दबातल ठरवले आणि ५९१ विरुद्ध ० मतांनी त्यांना पदावरून काढले. त्यांच्या पक्षाने मतदानावर बहिष्कार टाकला होता. मेगावतींनी त्याच दिवशी शपथ घेतली. संध्याकाळी गुस दूर घरगुती अर्ध्या चड्डीत राजवाड्याच्या सज्जात आले आणि समर्थकांना हात केला. तो फोटो जगभर छापला गेला. २६ जुलैला ते राजवाडा सोडून उपचारासाठी अमेरिकेला गेले.

तीन दिवसांनी नवे उपराष्ट्राध्यक्ष निवडले गेले ते हमझा हाझ. १९९९ मध्ये 'स्त्री राष्ट्राध्यक्ष नको' म्हणणाऱ्या पक्षाचे हेच नेते आता मेगावतींच्या हाताखाली बसले. आणि संसदेचे सभापती अकबर तांजुंग, ज्यांच्या अध्यक्षतेखाली ही सगळी निवेदने मंजूर झाली, त्यांच्यावर पुढे बुलोगच्याच ४० अब्ज रुपियांच्या गैरवापराचा खटला चालला. २००२ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. फरक पाहा. सभापतींना खटला मिळाला, वकील मिळाला, अपील मिळाले. राष्ट्राध्यक्षांना मतदान मिळाले.

मग नियम बदलला

या प्रकरणातून इंडोनेशियाने घेतलेला धडा हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. ज्यांनी गुस दूर यांना हटवले, त्याच मजलिसने नोव्हेंबर २००१ मध्ये घटनादुरुस्ती करून ही पद्धत बंद केली. नवे नियम असे :

१. कारणे ठरलेली आहेत. देशद्रोह, भ्रष्टाचार, लाचखोरी, इतर गंभीर गुन्हा, पदाला न शोभणारे वर्तन, किंवा पदासाठीची पात्रता संपणे. 'समाधान झाले नाही' हे कारण आता चालत नाही.

२. संसदेने आरोप आधी घटना न्यायालयापुढे न्यायचा. त्यासाठी दोन तृतीयांश सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांपैकी दोन तृतीयांशांचा पाठिंबा हवा.

३. न्यायालयाने ९० दिवसांत आरोपात तथ्य आहे की नाही ते सांगायचे. तथ्य नसेल तर प्रकरण संपले.

४. तथ्य आढळले तरच विषय मजलिसपुढे जातो. तिथे तीन चतुर्थांश हजेरी आणि दोन तृतीयांश मते लागतात. राष्ट्राध्यक्षाला बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते.

५. राष्ट्राध्यक्षाला संसद गोठवता किंवा बरखास्त करता येत नाही.

पहिले चार नियम गुस दूर यांच्यावर झालेल्या गोष्टी पुन्हा घडू नयेत म्हणून आहेत. पाचवा नियम गुस दूर यांनी केलेली गोष्ट पुन्हा घडू नये म्हणून आहे. घटना न्यायालय २००३ मध्ये उभे राहिले. २००४ पासून राष्ट्राध्यक्ष थेट जनता निवडते, त्यामुळे उसन्या मतांचा प्रश्नही बराच कमी झाला. त्या पहिल्या थेट निवडणुकीत जिंकले ते युधोयोनो, ज्यांना गुस दूर यांनी मंत्रिमंडळातून काढले होते. त्यानंतर इंडोनेशियात एकाही राष्ट्राध्यक्षाला मुदतीआधी पद सोडावे लागलेले नाही.

भारतात काय आहे?

आपल्याकडे राष्ट्रपती हे घटनात्मक प्रमुख आहेत, कारभार पंतप्रधान चालवतात. म्हणून सरकार पाडायचे असेल तर लोकसभेत अविश्वास ठराव येतो. त्याला गुन्ह्याचा पुरावा लागत नाही, बहुमत गेले एवढे पुरते. राष्ट्रपतींना हटवणे वेगळे आहे. राज्यघटनेच्या कलम ६१ नुसार कारण एकच, घटनेचा भंग. सभागृहाच्या किमान एक चतुर्थांश सदस्यांच्या सहीने १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते. एका सभागृहाने एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मतांनी आरोप ठेवायचा, दुसऱ्याने चौकशी करायची आणि तितक्याच मतांनी तो मान्य करायचा. राष्ट्रपतींना हजर राहून किंवा वकिलामार्फत बाजू मांडण्याचा हक्क आहे. आजवर एकाही राष्ट्रपतींवर ही वेळ आलेली नाही.

अमेरिकेत कनिष्ठ सभागृह आरोप ठेवते आणि सिनेट दोन तृतीयांश मतांनी निर्णय देते. म्हणून तिथे 'महाभियोग झाला' याचा अर्थ 'पद गेले' असा होत नाही. क्लिंटन यांच्यावर एकदा आणि ट्रम्प यांच्यावर दोनदा आरोप ठेवले गेले. सिनेटमध्ये तिन्ही वेळा ते सुटले. निक्सन यांनी मात्र मतदानाआधीच १९७४ मध्ये राजीनामा दिला. दक्षिण कोरियात अखेरचा शब्द घटना न्यायालयाचा असतो. २०१७ मध्ये पार्क ग्युन-हे यांचे पद त्याच न्यायालयाच्या निकालाने गेले.

यापुढे कुठल्याही देशाची अशी बातमी आली, तर आम्ही वाचकांना तीन गोष्टी बघायला सांगू. आरोप नेमका काय आहे आणि तो कुणी तपासला? हटवण्याचा निर्णय पुराव्यावर होणार की फक्त मतांवर? आणि ज्याच्यावर आरोप आहे, त्याला बोलू दिले का? आपल्या पसंतीचा नेता असो किंवा नापसंतीचा, प्रश्न हेच ठेवले तर इन्साफाची बाजू सुटत नाही.

पुढे काय झाले?

२००४ मध्ये गुस दूर यांना पुन्हा उभे राहायचे होते; निवडणूक आयोगाने प्रकृतीच्या कारणावरून त्यांना अपात्र ठरवले. ३० डिसेंबर २००९ रोजी जकार्तात त्यांचा इंतकाल झाला. दफन जोंबांगला, घराण्याच्या मदरशाच्या आवारात आजोबा आणि वडिलांच्या शेजारी झाले. तिथे आजही जियारतीला लोकांची रीघ असते. त्यात मुस्लिमेतरही असतात.

सप्टेंबर २०२४ मध्ये मजलिसने त्यांना हटवणारा २००१ चा ठराव यापुढे लागू नाही असे जाहीर केले आणि त्यांच्या नावावरचा डाग अधिकृतपणे पुसला. १० नोव्हेंबर २०२५ रोजी त्यांना राष्ट्रवीराचा किताब देण्यात आला. त्याच दिवशी, त्याच समारंभात हाच किताब सुहार्तो यांनाही मिळाला. गुस दूर हयात असते तर यावर त्यांनी नक्की एखादा विनोद केला असता.

डाग पुसायला २३ वर्षे लागली आणि तोवर ते हयात नव्हते. चौकशी आधी आणि शिक्षा नंतर हा क्रम २००१ मध्ये पाळला असता, तर कदाचित ते निर्दोष ठरले असते, कदाचित दोषीही ठरले असते. देशाला खरे काय ते तेव्हाच कळले असते.